बाळंतपणाला गेलेला बाप

मुलीच्या बाळंतपणाला आई जाते. आमच्या मुलीच्या बाळंतपणाला मी गेलो. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. बायकोचा पाय मोडला, एवढंच.

मुलगी आणि जावई दोघंही नेदरलँड्समध्ये नोकरीला. तिला दिवस गेल्याचं कळलं तसं बायकोनं तयारीला सुरुवात केली. माझंही तिकीट काढलं होतं, पण ते सोबत म्हणून. बॅगा उचलायला आणि विमानतळावरच्या पाट्या वाचायला. निघायच्या थोडं आधी ती पिंपळगाव रेणुकाईला भावाकडे जाऊन आली. जाऊन आली म्हणजे गेली धडधाकट आणि आली जीपमध्ये आडवी. गोठ्यासमोरच्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि हाड मोडलं. जालन्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, विमानाचं नाव काढू नका.

मला वाटलं, आता दोघांचंही जाणं रद्द. खरं सांगायचं तर जरा हायसंच वाटलं. मी जन्मभर बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर होतो. उन्हात बांधावर उभं राहून कापसाच्या झाडाबद्दल तासभर बोलायचं, हे एक काम मला जमायचं. बाळंतपणातलं काय कळणार? पण बायकोनं उशीला टेकल्या टेकल्या निकाल दिला.

"तुम्ही जा."

"मी जाऊन काय करू?"

"लाडू घेऊन जा. एवढे केलेत, ते काय इथं बुरशी यायला ठेवू?"

म्हणजे मी लाडवांच्या सोबत जाणार होतो. तरी जायचंच आहे तर थोडं शिकून घ्यावं, म्हणून तिनं माझा वर्ग सुरू केला. ती पलंगावर, पाय उशांवर उंच ठेवलेला. मी खाली चटईवर पाय लांब करून बसलेलो. मांड्यांवर बाळ म्हणून दिवाणावरचा तक्क्या. "मान धरा. अशी न्हाई, खालून. आता पालथं करा." मी पालथं केलं तर तक्क्या मांडीवरून घरंगळून पार दारापर्यंत गेला. नेमक्या त्याच वेळी समोरच्या घरातल्या आपा बायकोला बघायला आल्या होत्या. त्या उंबऱ्यातच थांबल्या, तक्क्या उचलला, त्यावरची धूळ झटकली आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "भाई, बच्चा है वो. गेहूँ का कट्टा नै."

दोघी मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बायकोला हसताना पाय दुखत होता, तरी थांबेना.

माझा बाळंतपणाचा अनुभव विचाराल तर एकच. आमची मुलगी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात झाली तेव्हा मी बाहेर लिंबाखाली उभा होतो. पुरुषांची जागा तीच. बराच वेळ काही झालं नाही म्हणून सगळ्यांसाठी चहा आणायला गेलो आणि किटली घेऊन आलो, तर माझ्या मेहुण्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना मुलगी झाल्याचं माहीत होतं. मला रिक्षावाल्यानं सांगितलं.

असा हा माणूस डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाळंतशोपा आणि कानटोप्या घेऊन युरोपात उतरला.

मुलीचं घर एका लहान गावात होतं. घर अरुंद आणि उंच, आणि जिना इतका खडा की आमच्याकडे माळ्यावर चढायची शिडी त्याच्यापेक्षा बरी. त्या जिन्यावरून माझी दिवस भरलेली मुलगी आरामात वर-खाली करत होती आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरून, पाठमोरा होऊन, पावलं मोजून उतरत होतो. पहिल्याच दिवशी वरच्या खोलीत गेलो तर तिच्या पलंगाच्या चारही पायांखाली जाड ठोकळे लावून पलंग उंच केलेला.

"उंदीर हायेत का इथं?" मी विचारलं.

"न्हाई बाबा. सुईणीला वाकावं लागू नये म्हणून." ती सहज म्हणाली. "डिलिव्हरी घरीच करायची ठरवलीय आम्ही."

मी त्या उंच पलंगाच्या कडेला बसलो. पाय जमिनीला टेकत नव्हते. माझा जन्म घरातलाच, तीर्थपुरीजवळच्या खेड्यातला. माझ्या आधीची दोन भावंडं घरीच झाली आणि घरीच गेली. माझी आई त्यांच्याबद्दल कधी बोलायची नाही, पण माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा तिनं एकच धोशा लावला होता, सुनेला दवाखान्यातच न्यायचं. आमच्या घराला दवाखान्याचा रस्ता सापडायला इतकी वर्षं लागली, आणि ही शिकलेली पोर इंजिनिअर होऊन, विमानात बसून, एवढ्या लांब येऊन परत सुईणीकडे वळली होती. हे सगळं मी तिला बोलून दाखवलं. आवाजही चढला असेल, कारण खालून जावई वर आले आणि दारातच उभे राहिले.

मुलगी चिडली नाही. माझ्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, आजीच्या वेळी रस्ता नव्हता, गाडी नव्हती, कुणी तपासलं नव्हतं. इथं पहिल्यापासून तपासून राह्यलेत. सगळं बराबर आहे म्हणून घरी. जरा जरी वाकडं दिसलं तर दवाखाना इथून जवळ आहे, लगेच नेतील. आणि ती सुईण म्हणजे काय, चार वर्षं कॉलेजात शिकलेली आहे."

मी तावातावानं खाली जाऊन बायकोला फोन लावला. आता ही पोरीला चांगली फैलावर घेईल असं वाटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला लई आधीपासून माहितीये. तुम्हालाच सांगितलं न्हाई."

"का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विमानात बसेपर्यंत रोज घाबरले असते, आन् मलाबी झोपू दिलं नसतं. पोरीनं मला समदं समजून सांगितलंय. मी बी आधी रडले. मंग पटलं."

तेव्हा मला कळलं की आपल्याला बातम्या उशिरा मिळतात त्याला दवाखान्याच्या भिंती कारणीभूत नसाव्यात.

तिकडच्या थंडीनं मला खोकला धरला. घरात बाळ यायचं, म्हणून जावयांनी मला त्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, आत बनियन बदलला, कारण तपासताना वर करावा लागतो. वेटिंगच्या खोलीत जेमतेम तीन-चार माणसं, सगळी गप्प. आमच्याकडे डॉक्टरच्या बाकावर बसलं की शेजारच्याच्या मुळव्याधीपासून त्याच्या मुलाच्या लग्नापर्यंत सगळं कळतं. इथं मी एका म्हाताऱ्या बाईकडे बघून हसलो, तर तिनं आपली पिशवी मांडीवर घेतली.

डॉक्टर स्वतः दारात आला, माझं नाव त्याच्या परीनं उच्चारलं आणि माझा हात हातात घेतला. अंगावर पांढरा कोट नाही. साधा स्वेटर, तोही कोपरावर विरलेला. मला वाटलं, हा शिपाई असेल. मी त्याला "डॉक्टर आत आहेत का?" असं माझ्या इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, "आता जाईल." आणि आत जाऊन खुर्चीवर बसला.

त्यानं छाती नीट तपासली. मागून, पुढून, श्वास घ्या, सोडा. मग म्हणाला, काही नाही, छाती स्वच्छ आहे. गरम चहा प्या, मध घ्या, फिरायला जा. तीन आठवड्यांत कमी नाही झालं तर या.

"गोळी?" मी विचारलं.

"गरज नाही."

"इंजेक्शन?"

त्यानं जावयाकडे पाहिलं. जावयांनी खिडकीबाहेर पाहिलं.

परत येताना माझा चेहरा असा होता की जणू मला डॉक्टरनं दवाखान्याबाहेर काढलंय. बायकोचा फोन आलाच. "काय दिलं डॉक्टरनं?"

"हात दिला."

"कशाला?"

"हातात घ्यायला."

"नुसता हात? आन् तेवढ्यासाठी तुम्ही एवढ्या लांब गेल्ते?" म्हणाली. पण खोकला आपोआप थांबला. कधी थांबला ते माझ्या ध्यानात आलं नाही, हे मला कबूल करणं जड जातं, कारण त्या डॉक्टरचं चुकलंय हे जावयाला दाखवून द्यायची माझी पूर्ण तयारी होती.

मग तो दिवस आला. सकाळी चहा घेत होतो, तेवढ्यात जावई जिन्यावरून अर्धे खाली आले आणि म्हणाले, "मामा, सुरू झालंय बहुतेक." माझ्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला, बशीतला टेबलावर. सुईण आली. उंच, लाल गालांची, माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसावी. खांद्यावर भली मोठी बॅग. तिच्यानंतर आणखी एक बाई आली, पन्नाशीची, भरलेल्या अंगाची. तिकडे बाळंत झाल्यावर आठवडाभर एक बाई रोज घरी येते, आई आणि बाळ दोघांचं बघते, ती ही. ती सुईणीच्या हाताखाली मदतीलाही आली होती.

मी स्वयंपाकघरात उभा. बाहेर जावं तर बाहेर कुठं जाणार? लिंबाचं झाड नाही, ओटा नाही, उभं राहायला चार माणसं नाहीत. रस्त्यावर एकटा उभा राहिलो असतो तर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले असते. घर एवढंसं, की वरचा प्रत्येक आवाज खाली येत होता. माझ्या मुलीचा आवाज मी ओळखतो असं मला वाटायचं. तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता.

थोड्या वेळानं ती पन्नाशीची बाई खाली आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पत्र्याच्या दोन जाड बाटल्या माझ्यासमोर ठेवल्या. यात गरम पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, वर आणून द्यायच्या. बाळाचे कपडे आणि अंथरूण गरम करायला. मला इतका आनंद झाला! गरम पाणी हे मला येत होतं. मी पाणी उकळलं, बाटल्या भरल्या, झाकणं पुन्हा पुन्हा पिळून पाहिली, टॉवेलात गुंडाळल्या आणि एकेक पायरी चढत वर गेलो. त्या जिन्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा कठडा न धरता चढलो.

दार अर्धं उघडं होतं. बाटल्या बाहेर ठेवून परतायचं असं मी ठरवलं होतं. पण मुलीनं मला पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, आणि हात पुढं केला. सुईणीनंही मान हलवून आत यायला सांगितलं. मी आत पाऊल टाकलं. मुलीनं माझी बोटं धरली आणि अशी दाबली की हाडांचा आवाज आला. मग ती ओरडली.

पुढचं मला छत आठवतं. पांढरं, स्वच्छ, एका कोपऱ्यात बारीक भेग. मी दाराबाहेर जिन्याच्या माथ्यावर आडवा होतो आणि माझे पाय धुवायच्या कपड्यांच्या टोपलीवर उंच ठेवलेले होते. मला कुणी उचलून तिथं ठेवलं ते नंतर कळलं: त्या पन्नाशीच्या बाईनं, एकटीनं, काखेत हात घालून. माझ्या कपाळावर ओला रुमाल होता आणि पोटावर एक गरम पाण्याची बाटली, बहुधा घाईत ठेवलेली. मी उठायला गेलो तर आतून त्या बाईचा आवाज आला, "तिथंच!" मी तिथंच.

आणि तिथं पडल्या पडल्या मी बाळाचा पहिला आवाज ऐकला. रडणं म्हणावं असं ते नव्हतं. आधी खाकरल्यासारखं काहीतरी, मग एकदम मोठा, तक्रारीचा सूर. आत सगळे एकदम बोलायला लागले आणि जावई मराठीत, इंग्रजीत आणि तिकडच्या भाषेत एकाच वेळी रडायला लागले. मला कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, मी दाराशीच होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी निघून सरळ कानांत जात होतं, कारण पाय डोक्यापेक्षा वर होते.

मुलगी झाली होती.

आतलं सगळं उरकल्यावर सुईण माझ्याकडे आली. माझ्या डोक्याला मागं टेंगूळ आलं होतं. तिनं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, बोट इकडून तिकडे फिरवलं आणि विचारलं, "तुम्ही आता कुठं आहात?"

"मस्तगड," मी म्हणालो.

ती गंभीर झाली. जावयांना हाक मारली. जावई आले, त्यांनी ऐकलं आणि तिला समजावलं की मस्तगड खरंच आहे, जालन्यात, मामांचं घर तिथंच आहे. "पण ते आता तिथं नाहीत," सुईण म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. मग मला गावाचं नाव, वार, मुलीचं नाव असं सगळं नीट सांगावं लागलं, तेव्हा सुटका झाली. त्या दिवशी त्या घरात सुईणीनं दोघींना तपासलं आणि एकाला. मुलगी आणि नात ठणठणीत होत्या; डोकं सांभाळा म्हणून बजावलं ते मला.

संध्याकाळी जावयांनी बशीत टोस्ट आणले. टोस्टवर लोणी, आणि लोण्यावर साखरेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या. मुलगी झाली की इकडे असे देतात, म्हणाले. मी एक चावला. आत बडीशेप! मी मुलीकडे पाहिलं. "दूध यावं म्हणून खातात म्हणे," ती म्हणाली. माझ्या बॅगेत तळाशी स्वेटरच्या बाहीत बाळंतशोपा लपवलेल्या होत्या. इथं असलं काही चालत नसेल, ही बाई फेकून देईल, म्हणून मी त्या काढायला कचरत होतो. आता काढल्या. त्या बाईनं चिमूटभर तोंडात टाकल्या, चावल्या, आणि तोंड वाकडं केलं. पण फेकल्या नाहीत.

पुढचा आठवडा ती रोज सकाळी येत होती. आमचं पटलं असं मी म्हणणार नाही. मी खिडकी लावली की ती उघडायची. मी बाळाला कानटोपी घातली की ती काढायची. मी लपून घातली की ती बाळाच्या मानेला हात लावून म्हणायची, "गरम होतंय तिला," आणि माझ्याकडे असं बघायची की टोपी मीच स्वतःच्या डोक्यावर घालून घ्यावी. दुसरीकडे लाडू तिला आवडला. सकाळी आली की आधी डब्याकडे बघायची.

एकदा ती डायपर बदलत असताना मी तिला माझ्या इंग्रजीत आमच्या पद्धतीबद्दल सांगायला लागलो. आमच्याकडे कसं, घरातलीच माणसं सगळं करतात, बाहेरचं कुणी लागत नाही, बाळंतिणीला सगळं घर सांभाळतं. मुलगी पलंगावरून म्हणाली, "घर म्हणजे कोण, बाबा?"

"घर म्हणजे... आपण सगळे."

"माझ्या वेळी आईला कोणी सांभाळलं?"

"तुझ्या आजीनं."

"आणि आजी आजारी पडली तेव्हा आजीला?"

"तुझ्या आईनं."

"तेच विचारलं," ती म्हणाली आणि कूस बदलली. त्या बाईला मराठी कळत नव्हतं, पण ती हसली.

एका सकाळी बायकोचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती बाई तिथंच होती. बायकोनं आधी नातीला पाहिलं, मग पदरानं डोळे पुसले, मग फोन फिरवून त्या बाईला आपला पाय दाखवला. दाखव म्हणून मी काही सांगितलेलं नव्हतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. त्या बाईनं स्वतःचा बूट काढला, मोजा काढला, पाय टेबलावर ठेवला आणि बोटं वर-खाली हलवून दाखवली.

"काय म्हणून राह्यली ती?" बायकोनं विचारलं.

"बोटं हलवत राहा म्हणतीय. दिवसातून सारखी. रक्त फिरतं."

बायकोनं फोन परत तोंडासमोर धरला. "हे तर आपल्या डॉक्टरनंबी सांगितलं असंल."

तिला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. प्लास्टर घातलं त्या दिवशी डॉक्टरनं मला बाजूला घेऊन नीट समजावलं होतं, आणि मी मान डोलावत तिकिटांचे पैसे परत मिळतील का याचा विचार करत होतो. मी हे फोनवर सांगितलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. बायको नुसती पायाच्या बोटांकडे बघत होती. ती हलवून पाहत होती. हलत होती.

त्या बाईच्या शेवटच्या दिवशी तिनं टबात पाणी भरलं, कोपर बुडवून पाहिलं, आणि बाळाला माझ्या हातात दिलं. "तुम्ही," म्हणाली. मी मुलीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. दोघांपैकी कुणी पुढं येईना. मी डाव्या हातानं मान धरली, खालून. पाण्यात उतरवलं. नात माझ्याकडे पाहत होती, किंवा माझ्या मागच्या दिव्याकडे. एक पाय तिनं असा जोरात मारला की माझा चष्मा भिजला. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून सगळी आंघोळ मी धूसर नजरेनं घातली. पण नात हातातून पडली नाही. टॉवेलात गुंडाळून दिली तेव्हा त्या बाईनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी परत टबात गेलो असतो. जाताना उरलेले लाडू मुलीनं तिला बांधून दिले.

मी परत आलो तेव्हा बायको काठी धरून दारापर्यंत चालत आली होती. प्लास्टर निघालं होतं. मी बॅग ठेवली, पाणी प्यालो आणि सांगायला सुरुवात केली, की तिकडची आरोग्यव्यवस्था म्हणजे कशी, डॉक्टर कसे साधे, सुईणी कशा शिकलेल्या, आणि आपल्याकडे हे कसं...

"ते जाऊ द्या," ती म्हणाली. "केस कसे हायेत तिचे?"

"केस? काळे."

"सरळ का कुरळे?"

मला आठवेना.

"एवढे दिवस तिथं राह्यले आन् पोरीचे केस न्हाई पाहिले?" तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि फोटो बोटानं मोठे करून करून पाहायला लागली. बऱ्याच वेळानं मान वर न करता म्हणाली, "कुरळे हायेत. माझ्या माईसारखे. हिवाळा सरला की मी जाते. तुम्ही इथंच राहा."

"बराबर," मी म्हणालो, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढून आणली.